देवतळे बाबूंची नवी टोली

देवतळे बाबू कधी भाव करत नसत. भाजीवाली म्हणेल ते, रिक्षावाला म्हणेल ते, मुकाट्यानं मान्य. मला ते कधी सहन झालं नाही. मी भाव करून मोठा झालेला माणूस आहे. अठराव्या वर्षी रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाचे गठ्ठे पाठीवर वाहत होतो. तिथं एक गोष्ट शिकलो, की दुकानदाराचा पहिला आकडा म्हणजे नुसता रामराम असतो. उलट रामराम घातला नाही तर त्यालाच चुकल्यासारखं वाटतं. हे मी बाबूंना एकदा समजावून सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "त्यानं एवढे म्हटले ना? मंग मी त्याले खोटा कशापायी पाडू?"

अशा माणसानं माझं नुकसान केलं. तेही माझ्याच छापखान्यात, माझ्यासमोर, आवाज न चढवता. त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. तरी लिहायला बसलो, कारण त्यांच्याबद्दल लिहील असा दुसरा कोणी आता रायपुरात उरलेला नाही.

वामनराव देवतळे रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. मूळचे वर्ध्याकडचे, आम्हीही तिकडचेच. पूल, मोऱ्या, सिग्नलच्या केबिना यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. बांधा ठेंगणा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात तीन पेन्सिली, तिन्ही चाकूनं तासलेल्या. मधुमेहामुळं चहा बिनसाखरेचा, पण पिताना तोंड असं करायचे की साखर जास्त झाली असावी. बायको लवकर गेली होती. एक मुलगी, नागपूरला दिलेली. रेल्वे लाइनीमागच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यात खुर्च्या कमी, कागद जास्त.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी काही बेत सांगितला, की शांतपणे विचारायचे, "त्याले विचारलं काय?" मी पोरीचं लग्न ठरवलं म्हणालो, की "तिले विचारलं काय?" छापखान्यातला माणूस दुसऱ्या मशीनवर टाकला, की "त्याले विचारलं काय?" एकदा मी दारातलं बोरीचं झाड तोडायला काढलं, तेव्हा मात्र मीच आधी म्हटलं, "बाबू, झाडाले विचारलं नाही." ते हसले नाहीत. खरंच विचार करत राहिले.

मी पहिलं ट्रेडल मशीन घेतलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून 'गरुड टोली' काढली. हिंदी चित्रकथा, बत्तीस पानं, कव्हर रंगीत, आत काळं-पांढरं. पाच वीर. गरुडसेन उडायचा, वज्रबाहू दगड फोडायचा, ज्वालाकुमारीच्या बोटांतून आग निघायची, आणि आणखी दोघं. रायपूर ते राजनांदगाव, प्रत्येक स्टेशनच्या स्टॉलवर ती दोरीला लटकलेली असायची. गोष्टी मी सुचवायचो, चित्रं त्यांची.

त्यांची एक रीत होती. चेहरा मनानं काढायचा नाही. प्रत्येक वीराचा चेहरा कोणातरी खऱ्या माणसाचा. गरुडसेन म्हणजे स्टेशनच्या कॅन्टीनमधला वाढपी. पेन्सिलीनं पान काढलं की ते बगलेत मारून त्या माणसाकडं जायचे आणि विचारायचे, हा तूच ना? तो 'हव' म्हणाला तरच शाई. 'हव' म्हणजे छत्तीसगढीत होय. ते 'हव' येईपर्यंत मशीन रिकामं, मी दारात येरझाऱ्या घालतोय, आणि बाबू कॅन्टीनमध्ये बसून वाढप्याच्या भुवया सुधारतायत.

अडचण आली ती खलनायकाची. राक्षसाच्या चेहऱ्याला 'हव' म्हणणार कोण? पार्सल ऑफिसातला एक जण आधी तयार झाला, मग घरी बायकोला सांगितल्यावर फिरला. शेवटी बाबूंनी स्वतःचाच चेहरा दिला. त्यामुळं 'गरुड टोली'च्या एकूणएक अंकांत जगाचा नाश करायला निघालेला माणूस ठेंगणा, चष्मेवाला आणि जरा दमलेला आहे. पोरं रस्त्यात बाबूंना बघून पळायची.

मग गल्लीगल्लीत व्हिडिओ आला, पाठोपाठ केबल आली आणि टोली बंद पडली. मी ऑफसेट घेतलं, लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर उभा राहिलो. बाबू निवृत्त झाले.

पुढं छत्तीसगढचं वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. एका हिवाळ्यात शहराच्या सगळ्या पाट्या बदलल्या. बाहेरून आलेली शिकलेली माणसं कार्यालयांत दिसायला लागली, गाड्यांवर लाल दिवे आले, आणि लेटरहेड छापता छापता आमची शाई पुरेना. असाच एका खात्याचा साहेब प्रूफ बघायला आला होता. भिंतीवर 'गरुड टोली'चं जुनं कव्हर होतं. म्हणाला, "इसे फिर से निकालिए न! नया राज्य है, बच्चों को अपने हीरो चाहिए. स्कूलों की लाइब्रेरी के लिए हम ले लेंगे."

मी त्याच संध्याकाळी बाबूंच्या दारात.

ते कागदाशेजारी तोंड वळवून बसले होते. आधी मला वाटलं, रागावलेत. मग कळलं, त्यांना तसंच दिसतं. साखरेनं डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडला होता. "कडंचं दिसते," ते म्हणाले. "ज्याच्याकडं पाहावं तेच पुसल्या जाते." डॉक्टरनं सांगितलं होतं, बारीक कामाचे पाच-सहा महिने आहेत. "एक पुस्तक होते त्याच्यात, गजानन. दोन नाही होत. म्हणून जे काढीन ते माझ्या मनाचं काढीन."

"काढा ना! गरुडसेन, वज्रबाहू..."

"ते नाही."

"काहून?"

"ते उडणारे लोक पाहून राहिलो मी किती वर्षांपासून. कुठं आले कामाले?"

आणि त्यांनी नवी टोली सांगितली. मी खाटेच्या कडेवर बसून ऐकली. पहिला बिसाहू, रेल्वेचा कीमॅन, रोज रूळ तपासत चालणारा. रुळाला कान लावला की आठ कोसांवरून काय येतंय ते त्याला ऐकू येतं, गाडी असो की संकट. दुसरा लतेल, अभनपूरच्या बाजारातला आंधळा हमाल. कुठलीही वस्तू तळहातावर घेतली की तिच्यात खोटं किती ते वजनानं सांगतो. तिसरे करीमचाचा, पंडरीतले रफूवाले. फाटलेलं काहीही शिवतात, धोतर, रस्ता, आभाळ, काहीही. चौथी सुकवारो, सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात झाडू मारणारी बाई. गावावर धूर उतरला की ती एका श्वासात सगळा छातीत ओढून घेते.

"मग तो सोडते कुठं?" मी विचारलं.

"तेच तर. सोडतच नाही."

मी डोक्याला हात लावला. "बाबू, हे पुस्तक आहे की रोजगार कार्यालयाची यादी? हमाल, झाडूवाली! पोरं घेतील काय?"

"पोरायले विचारलं काय?"

मग मी माझ्या धंद्यावर आलो. म्हणालो, तीन जुने ठेवा, दोन तुमचे. ते गप्प. बरं, दोन जुने, तीन तुमचे. गप्प. एवढ्या वर्षांत असा गिऱ्हाईक भेटला नव्हता, समोर आकडाच ठेवत नव्हता. शेवटी मी उठलो, चप्पल घातली, ही माझी जुनी युक्ती. दारापर्यंत गेलो. मागून हाक आली नाही. मीच परत आलो.

"एक तरी जुना द्या. गरुडसेन. कव्हरवर तोच विकतो."

बाबूंनी पेन्सिल तासायला घेतली. "देतो," म्हणाले. "पण तो आता साठीचा झाला. उडत नाही. त्याचे गुडघे दुखतात."

कॅन्टीनमधला तो वाढपीही आता साठीचाच होता, आणि त्याचे गुडघे खरंच दुखत होते. तो 'हव' म्हणाला.

सुकवारोकडं मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. सिलतऱ्याच्या वाटेवर बाभळीसुद्धा काळ्या होत्या. ती कारखान्याच्या फाटकाबाहेर टपरीपाशी बसली होती, चाळिशीची असेल, डोक्याला गमछा, नाकपुड्यांभोवती काळी रेघ. बाबूंनी पान समोर धरलं. पानभर एकटी ती, कमरेवर हात ठेवून उभी, मागं कारखान्याच्या धूर ओकणाऱ्या चार चिमण्या. खरंच सांगतो, तसं चित्र त्यांनी पूर्वी कधी काढलं नव्हतं. मी मनात म्हटलं, म्हातारा जिंकला.

तिनं पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "नइ."

"काय चुकलं?" बाबू.

"धुर्रा कहाँ हे? मुँह मा धुर्रा डार, बाबू. धुर्रा बिना मोला कोन चिन्हही?" धूळ कुठाय माझ्या तोंडावरची, त्याशिवाय मला ओळखणार कोण?

बाबूंनी अदबीनं तिला स्वच्छ काढलं होतं. ते तिथंच जमिनीवर बसले, मान तिरपी केली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत तिच्या गालांवर, कपाळावर, गळ्यावर एकेक ठिपका ठेवत गेले. शिफ्टचा भोंगा झाला, माणसं बाहेर आली, भोवती कोंडाळं जमलं. एक पोरगी ओरडली, "सुकवारो काकी ए!" तेव्हा कुठं ती बाई लाजली आणि म्हणाली, "हव."

परत येताना बाबू स्कूटरवर मागं गुणगुणत होते. तेवढं एकदाच ऐकलं.

साडेचार महिन्यांत बत्तीस पानं झाली. शेवटची पानं भिंग धरून, नाक कागदाला टेकवून. मी निगेटिव्ह करायला घेतल्या आणि साहेबाला नमुना दाखवला. तो एका पानावर थांबला.

"बाकी सब बढ़िया है. बस ये बाई... थोड़ी साफ-सुथरी नहीं हो सकती? और ये चिमनियाँ. बच्चे क्या सोचेंगे अपने राज्य के बारे में?"

छापखान्यात याला फार काही लागत नाही. निगेटिव्हवर ओपेक नावाच्या लाल रंगाचा ब्रश फिरवला की ती रेघ छपाईत येत नाही. चार चिमण्या आणि ठिपके. आमचा प्लेटवाला रामदीन ब्रश हातात घेऊन थांबला. "भैया, बाबूजी से पूछ लें?"

"प्रेस कोणाची आहे?" मी ओरडलो.

माझी बाजूही ऐका. बत्तीस पानांतली एकतीस मी जशीच्या तशी ठेवली. पाचांतले चौघं त्यांच्या मनाचे. गिऱ्हाइकाला एक पान दिलं. बाजारात याला तडजोड म्हणतात, पाप म्हणत नाहीत. अडीच हजार प्रती छापल्या. पहिली प्रत बाबूंच्या हातात ठेवली, त्यांनी तोंड वळवून वळवून पाहिली, पानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान वास येऊन राहिला." बारीक ठिपके दिसण्याइतका डोळा तोवर उरला नव्हता.

ती प्रत घेऊन ते एकटेच बसनं सिलतऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यात आले आणि माझ्यासमोर उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"गजानन, माझा हात गेला."

"काय झालं?"

"ती म्हणाली, ये मैं नोहंव. मी नाही ही. कोण्या साहेबाची बाई आहे म्हणे. शेजारणीले दाखवली, तीही तेच म्हणाली." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मले वाटलं होतं, बरोबर उतरली. डोळे गेले ते गेले, आता हातही गेला. तुले आधी सांगाले पाहिजे होतं. तुझं पुस्तक खराब केलं मी. माफ कर."

मशीन चालू होतं. रामदीन माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "होते, बाबू. वयानं होते."

ते मान हलवून निघून गेले. एवढंच. चहाही घेतला नाही.

रामदीननं त्यांना संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. हे मला नंतर कळलं. त्याला मी कामावरून काढणार होतो, पण तसा प्लेटवाला रायपुरात दुसरा नव्हता.

सकाळी शटर उघडायला गेलो तर बाबू पायरीवर. हातात काळ्या शाईची बाटली आणि नकाशे काढायचा बारीक टाक. गोदामात गेले, गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरची प्रत मांडीवर घेतली, ते पान काढलं आणि ठिपके द्यायला सुरुवात केली.

"बाबू, काय करून राहिले?"

"दुरुस्ती."

"अडीच हजार प्रती आहेत!"

"असतील."

मग मी तोंड सोडलं. अर्धा तास बोललो. पाठीवरच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात केली. म्हणालो, तुमच्या बिनउडत्या गरुडाला कोण छापणार होतं, मी छापलं, तुमच्या हमालाला, तुमच्या झाडूवालीला मी कागदावर आणलं. बाहेर गिऱ्हाइकं गोळा झाली. मला वाटलं होतं, आता हा माणूस बोलेल. खोटारडा म्हणेल, थुंकेल तोंडावर. तसं झालं असतं तर मी पायही धरले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे. पण त्यांनी प्रत बाजूला वाळत ठेवली, दुसरी घेतली आणि विचारलं,

"तिले विचारलं होतं काय?"

"ती काय पुस्तकाची मालकीण आहे?"

"पुस्तकाची नाही. तोंडाची आहे."

चार दिवस ते येत राहिले. भाकर सोबत आणायचे. ठिपके चुकायचे. काही नाकावरून घसरून हवेत पडायचे, काही शेजारच्या पानावर. चिमण्यांच्या रेघा मात्र सरळ यायच्या, तो हात नकाशांचा होता. तीनशेच्या आसपास प्रती झाल्या असतील. रामदीन जेवणाच्या सुट्टीत त्यांना पानं उघडून द्यायचा, मी न पाहिल्यासारखं करायचो. गोदामाला कुलूप लावावं असं रोज ठरवायचो. ते का लावलं नाही हे मला आजही सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी साहेब प्रत बघायला आला. मी टेबलावर बिनठिपक्यांची प्रत ठेवली होती, चहा मागवला होता. बाबू गोदामातून आले, शाईनं बोटं काळी, आणि माझी प्रत उचलून त्यांची ठेवली.

"साहब, ये लीजिए. वो गलत छप गई थी."

साहेबानं पान पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. "आपने तो कहा था, ठीक कर दिया."

तो चहा न घेता गेला. ती ऑर्डर आली नाही, त्या खात्याची पुन्हा कुठलीच आली नाही. पुस्तक शाळांत गेलं नाही, स्टॉलवर गेलं नाही. गठ्ठे माळ्यावर चढले. बाबूंनी दुरुस्त केलेल्या प्रतींतल्या दहा-बारा मागून घेतल्या आणि त्या सिलतऱ्याला नेऊन दिल्या. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसले तर मी दुकानात शिरायचो. त्याची गरज नव्हती, त्यांना मी समोरून दिसतच नव्हतो.

मला राग कशाचा आहे, हे लोकांना कळत नाही. ऑर्डर गेली, अशा मी पुष्कळ पाहिल्या. राग याचा, की त्यांनी माझ्याशी भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर कुठंतरी तोडपाणी झालं असतं. त्यांनी मला ती जागाच दिली नाही.

दीड वर्षानं रामदीन म्हणाला, "भैया, बाबूजी को बेटी नागपुर ले जा रही है. अब कुछ नहीं दिखता उनको." मी त्या दुपारी गेलो. जाताना ठरवलं होतं, दुसरा अंक काढू म्हणायचं, जसा असेल तसा. आणि ते एक वाक्यही सांगायचं, की बाबू, तुमचा हात गेला नव्हता. त्या दिवशी तो शाबूत होता. हे रामदीननं त्यांना सांगितलं होतं, पण मी सांगितलं नव्हतं.

घराचं फाटक अर्धं उघडं होतं. अंगणात सामान बांधून ठेवलेलं. बाबू खाटेवर, मांडीवर पाट, पाटावर कागद. समोर उपड्या बादलीवर सुकवारो. ती फार वाळली होती. ती सांगत होती आणि ते काढत होते.

"थोरिक डेरी डहर... हाँ. अब खाल्हे." जरा डावीकडं, आता खाली. त्यांची मान सरळ होती, आता वळवायचं कारण उरलं नव्हतं.

फाटक वाजलं. पेन्सिल थांबली.

"कोण आहे?" बाबूंनी विचारलं.

सुकवारोनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं. ती थांबली, मी बोलायची वाट बघत असावी. माझ्या तोंडात ते वाक्य होतं. बोलायला मी आयुष्यात कधी अडलो नाही.

"कोनो नोहे, बाबू," ती म्हणाली. कोणी नाही.

त्यांनी मान डोलावली आणि पेन्सिल पुन्हा टेकवली. तेवढ्यात तिला खोकला आला. तोंडाला पदर लावून ती बाजूला वळली, आणि तो खोकला थांबेना. पेन्सिल चालतच राहिली. जबड्याची रेघ असावी. ती कागदाच्या कडेपर्यंत आली, कड ओलांडून पाटावर उतरली आणि लाकडावरून पुढं जात राहिली. सांगायला तिथं मीच होतो. एक शब्द पुरला असता.

सुकवारोनं तोंड पुसलं, वळून पाहिलं, आणि त्यांचं मनगट धरून हात कागदावर आणून ठेवला.